स्वच्छ ओळी पाठवणाऱ्या अंकुशला

अंकुश,

परवा भोरमध्ये तुझी शोकसभा झाली. दूध संकलन केंद्रांच्या सेक्रेटरींनी मिळून ठेवली होती. फोटो तुझ्या आधारकार्डावरचा मोठा केलेला, त्यामुळे हार घालूनही तू पोलिसांना हवा असल्यासारखा दिसत होतास. बाकी सगळं रीतसर होतं. दोघंतिघं बोलले, एकाने तुला 'संगणकातला देवमाणूस' म्हटलं, आणि मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. "आता मॅडम बोलतील. अंकुशला त्यांच्याइतकं कोन वळखत व्हतं?"

ते ऐकलं आणि ओठापर्यंत आलेलं सगळं आत गेलं. मी उठले, "अंकुश कामाचा माणूस होता" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. गळा काही दाटला नव्हता. मला राग आला होता, आणि गेलेल्या माणसावर भर सभेत रागवायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून इथे रागावते. इथे मला हात धरून खाली बसवायला कुणी नाही, आणि उलट बोलायला तू नाहीस. तू असतास तर हे वाक्य पुरं होऊ दिलं नसतंस, हेही खरं.

आपली ओळख कॉलेजातली. मी उत्रोलीहून सायकलने यायचे आणि तू गुंजवण्याहून एसटीने; गाडी चुकली की तुझा पहिला तास बुडायचा आणि माझ्या वह्या तुझ्या घरी मुक्कामाला जायच्या. पुढे दोघांनीही पुण्यात नोकऱ्या केल्या, दोघंही कंटाळलो आणि परत येऊन बाजारपेठेत पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं. बाई आणि बाप्या एका खोलीत बसून काय करतात यावर लोकांनी बरेच दिवस डोकं चालवलं. मग आपली भांडणं जिन्याखाली ऐकू जायला लागली तेव्हा गिरणीवाल्या काकूंनीच निकाल दिला, "ह्यांच्यात काय बी न्हाई. काय असतं तर येवढं मोकळं भांडली नसती." त्या दिवसापासून आपण बदनामीतून सुटलो. भांडणातून मात्र शेवटपर्यंत सुटलो नाही.

भांडण कशाचं होतं ते तुला पाठ आहे, पण मला ते एकदा नीट मांडू दे. कारण तू मला फसवलंस ते त्याच भांडणाच्या नियमाने.

आपला प्रोग्राम दिसायला अगदी फाटका. चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करायचा, की तो वजनकाट्याला आणि फॅटमशीनला विचारून एकेका शेतकऱ्याची एकेक ओळ काढायचा. खातेनंबर, लिटर, फॅट, भाव. ही ओळ माणसाने वाचायचीच नव्हती. दुसरा प्रोग्राम ती वाचायचा आणि त्यावरून पावती छापून शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज धाडायचा. एक बोलतो, दुसरा ऐकतो, मध्ये माणूस नाही. पहिली आवृत्ती मी लिहिली होती. तिच्यात इशारे त्याच ओळींच्या मधे मधे यायचे. काटा हलतोय. मशीन धुवा. मशीन गरम झालंय. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घरात धूर झाला की माणूस आहे तिथूनच ओरडतो, ओरडायला शेजारच्या खोलीत जात नाही.

मग भोंगवलीच्या केंद्रावर ती सकाळ उजाडली. मशीनने इशारा दिला, 'गरम, तापमान ६५'. ऐकणाऱ्या प्रोग्रामला इशारा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने पासष्टला लिटर धरलं, खातेनंबर सापडेना म्हणून आधीच्याच ओळीचा लावला, आणि बबननानांच्या मोबाईलवर मेसेज गेला की त्यांच्या एकुलत्या एका म्हशीने एका वेळेला पासष्ट लिटर दूध दिलं. नाना तक्रार करायला आले नाहीत. केंद्रात येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे गावात कुनाला कळू देऊ नगा. जनावराला दिष्ट लागंल." आपण दोघांनी त्यांना किती समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन म्हशीच्या गळ्यात बिब्बा बांधला.

तू दोन दिवस हसत होतास. हसता हसताच तू तो सगळा भाग उपसून नवा लिहिलास. समोर माणूस बसला असेल तर इशारा पडद्यावर दिसेल. पण ओळी दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असतील तर ओळींच्या वाटेवर फक्त दूध, आणि इशाऱ्याला दुसरी वाट. ती वाट माणसाकडे जाईल. "वाचनाऱ्या प्रोग्रामला इशारा दिऊन उपेग न्हाई, शैला. त्याला त्यो कळत न्हाई, त्याला ते बी दूधच वाटतं. मग तो कायतरी भलतंच करून बसतो. इशारा पेलंल त्यालाच द्यावा." त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी मान्य केलं. आजही करते.

दुसऱ्या नियमावर मात्र आपलं कधीच जमलं नाही. काम संपवून जाताना प्रोग्राम मागे एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं नीट पार पडलं. इशारे कितीही येवोत, ओळी पुऱ्या निघाल्या असतील तर शून्यच ठेवायचं, हा तुझा हट्ट. "काम झालं ना? मग शून्य." मी म्हणायचे, इशाऱ्यांची रांग लागलेली असताना शून्य म्हणणं म्हणजे झाकली मूठ. तू म्हणायचास, मूठ झाकलेली नाही, दुसऱ्या वाटेवर उघडीच आहे, ज्याला बघायचंय त्याने तिकडे जाऊन बघावं. या शून्याची आपल्याला इतकी सवय झाली की तो आपला नमस्कारच झाला. सकाळी मी मेसेज करायचे, "कसा आहेस?" आणि तुझं उत्तर यायचं, ०. काकूंना वाटायचं आपण मटका खेळतो.

वेल्ह्याकडच्या एका केंद्रावर पुढे घोळ झाला तेव्हा मी जिंकले असं मला वाटलं होतं. मशीन धुतलेलं नव्हतं, इशारे रोज दुसऱ्या वाटेने जात होते आणि एका फाइलमध्ये साठत होते. ती फाइल कुणी उघडतच नव्हतं. सगळ्या गावाच्या दुधाला फॅट कमी लागत होती, भाव कमी मिळत होता आणि आपल्या टेबलावर रोज शून्य येत होतं. मी तुझ्यावर त्या दिवशी इतकी ओरडले की खाली गिरणी बंद करून लोक ऐकत होते. "तुझ्या दुसऱ्या वाटेच्या टोकाला कुणी बसलेलंच नाही!" तू वाद घातला नाहीस. तू आधी त्या केंद्रावर गेलास, मशीन स्वतः धुतलंस, लोकांपुढे चूक कबूल केलीस, आणि आल्यावर इशारे थेट सेक्रेटरीच्या मोबाईलवर जातील अशी सोय केलीस. तुझं हे मला फार आवडायचं. मूळ मुद्दा तू सोडायचा नाहीस, पण त्याच्यातलं भोक दिसलं की आधी ते बुजवायचास आणि मग जेवायचास. काम कसं करतात हे मी पुण्याच्या नोकरीत शिकले नाही, त्या थरथरत्या टेबलावर तुझ्याकडून शिकले. हे सभेत सांगायला हवं होतं. राहिलं.

मग तुझा डेंग्यू आठव. मी ऑफिसला कुलूप लावलं, सगळ्या केंद्रांना हाताने पावत्या लिहायला सांगितलं आणि दवाखान्यात तुझ्या खाटेशी ठाण मांडलं. प्लेटलेट वाढेपर्यंत मी नर्सबाईंना पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाही. बरा होऊन आलास आणि जिना चढता चढता म्हणालास, "शैला, तू एका इशाऱ्यावर सगळी गिरणी बंद पाडतीस." मी हसले होते. मला वाटलं, कौतुक करतोयस. आता कळतंय की ती तुझी नोंद होती, आणि तिच्यावरून तू पुढचं सगळं ठरवलंस.

आपलं शेवटचं भांडण कापणीच्या जरा आधीचं. मी एक तोड काढली होती. दुसरी वाट ठेव, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खाना, रकाना म्हण, पण ठेव. इशारा नसेल तर मोकळा, असेल तर त्या खान्यात लिहिलेला. म्हणजे दूध आणि इशारा एकाच ओळीत जातील आणि तरी एकमेकांत मिसळणार नाहीत. मला वाटलं होतं तू खुर्चीतून उठशील. तू नुसता म्हणालास, "जुनं वाचनारं सगळं मोडंल. त्यांनी तेवढेच खाने मोजलेत."

"मोडू दे. दुरुस्त करू."

"भोंगवलीपासनं वेल्ह्यापातुर एकेका केंद्रावर कोन फिरनार?"

"आपण दोघं. अजून कोण?"

तू पडदा बंद केलास. मग छातीवरून हात फिरवून म्हणालास, पित्त झालंय, उद्या बोलू. मी पण म्हणाले, चहा कमी कर. एवढ्यावर ते मिटलं.

कापणीला तू गावी गेलास. जमीन बरीचशी धरणात गेली, उरलेली दोन खाचरं तुझ्या जिवाची. भाताचा भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडे निघालास आणि बांधावरच बसलास, ते उठलाच नाहीस. त्या दिवशी सकाळीही माझ्या मोबाईलवर तुझं शून्य आलेलं होतं.

दहाव्याला मी भोंगवलीच्या तात्यांबरोबर गुंजवण्याला गेले. तात्या म्हणजे तिथल्या केंद्राचे सेक्रेटरी, तुला मुलासारखं मानणारे. नदीवर सगळं उरकलं. परतताना आम्ही त्यांच्या दुधाच्या टेम्पोत बसलो होतो. मार्गासनी मागे पडली तसे तात्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्या त्याला लई डाव म्हनलं व्हतं, बाबा, मॅडमला येकदा सांग."

मी विचारलं, "काय सांग?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पो कडेला घेतला. "तुमाला खरंच म्हाईत न्हाई व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. हृदयाचा स्नायू जाड झालाय, ओझं उचलायचं नाही, चढण चढायची नाही, छातीत यंत्र बसवून घे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी तुला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तपासणीला तू तात्यांच्याच टेम्पोतून जायचास. रेश्माला, तुझ्या बायकोला, माहीत होतं. किकवीच्या सेक्रेटरीला माहीत होतं, कारण त्याचा मेव्हणा त्या दवाखान्यात होता. वेल्ह्याच्या केंद्रावर माहीत होतं, म्हणून तिथली पोरं तुला मशीन उचलू देत नव्हती. मी ते पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, पोरं मान देतात.

"समद्यांकडनं त्यानं शब्द घेतला व्हता," तात्या म्हणाले. "म्हनायचा, शैलाला कळलं की ती काम बंद करंल आन माझ्या उशाशी बसंल. तिला नगा सांगू." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "चुकलं आमचं. पर त्याचा शब्द कसा मोडावा?"

कापूरहोळच्या फाट्यावर मी उतरले. भोरची एसटी आली, गेली. मी तिथेच उभी होते.

अंकुश, तू खोटं बोलणारा माणूस असतास तर मला एवढं लागलं नसतं. चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तू नियमाने वागलास, हेच मला गिळवत नाही. तुझ्या शरीरातून निघालेला एकही इशारा तू दाबला नाहीस. प्रत्येक इशारा दुसऱ्या वाटेने नीट माणसांकडे पोचवलास. रेश्माकडे, तात्यांकडे, किकवीला, वेल्ह्याला. आणि माझ्याकडे रोज स्वच्छ ओळ. काम झालं ना? मग शून्य. म्हणजे इतक्या वर्षांत त्या खोलीत मी तुझ्या लेखी कोण होते? इशारा पेलेल अशा माणसांत तू मला धरलंच नाहीस. मी त्या दुसऱ्या प्रोग्रामच्या जागी होते. हिच्यापुढे वावगं काही येऊ द्यायचं नाही, ही भलतंच काहीतरी करून बसेल.

बरं, बाकीच्यांना सांगून तरी काय मिळालं? वेल्ह्याच्या वेळी मी ओरडले होते की तुझ्या वाटेच्या टोकाला कुणी बसलेलं नाही. या वेळी बसली होती की माणसं! चांगली, जिवाला जीव देणारी. पण सगळी तुझ्या शब्दात अडकलेली. त्यांनी इशारा ऐकला, हळहळली, आणि तू म्हणालास म्हणून गप्प बसली. त्या सगळ्यांत तुझा शब्द मोडणारी, तुला खांद्याला धरून ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन आडवं पाडणारी एकच बाई होती. नेमकं तिलाच तू वगळलंस. तू विचार करून वगळलंस, यात मला आता शंका नाही.

आता माझा उद्योग काय, तर मागचं सगळं उकरून बघणं. तू जिन्यात मध्येच बसायचास आणि म्हणायचास, गिरणीचा पट्टा सैल वाजतोय, ऐकतोय. तू राजगडावर जाणं सोडलंस आणि म्हणालास, गर्दी फार वाढली. आमच्या उत्रोलीच्या घरी दळणाचं पोतं उचलायची वेळ आली तेव्हा तुला फोन आला आणि तू बाहेर गेलास. फोन आला होता का खरंच? माझ्या चांगल्या आठवणी होत्या रे ह्या. आता एकेक उलटी करून बघावी लागते. शेवटच्या दोन वर्षांत मी जी भांडणं जिंकले ती तरी खरी जिंकले, की तुला धाप लागत होती म्हणून तू सोडून दिलीस? हे तू मला सांगायला हवं होतंस. माणूस गेल्याचं दुःख एक वेळ सोसता येतं. तो होता तेव्हाचाही हातातून जातोय, त्याचं काय करू?

मी गुंजवण्याला पुन्हा गेले, रेश्माशी भांडायला. तुझ्याशी येत नाही म्हणून तिच्याशी. ती भात वारवत होती. मी दारातच विचारलं, "तू तरी मला का नाही सांगितलंस?"

तिने सूप खाली ठेवलं. "म्या रोज म्हनत व्हते, सांगा. ते म्हनायचे, घरात मी पेशंट, तात्याच्या टेम्पोत पेशंट, खाचरात पेशंट. गिरनीवरच्या खोलीत तेवढा मी भांडतो. तेवढी येक जागा ऱ्हाऊ दे." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मला बी राग हाय, ताई. तुमच्यापुढं भांडायला त्यांच्यात जोर असायचा. घरी आले की भिताडाला टेकून बसायचे. तुमाला शून्य मिळायचं, बाकीचं समदं मला."

तिथेच ओसरीवर बसून दोघी रडलो. तुला बरं वाटेल म्हणून सांगते, तुझी ती एक जागा मी होते हे ऐकून माझं मन भरून आलं. आणि तुला बरं वाटू नये म्हणून हेही सांगते, त्याने राग उतरला नाही. तुला भांडायला मोकळी खोली हवी होती, ती तू घेतलीस. त्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाला विचारलं होतंस का? माझ्याशी शेवटी नीट भांडून, नीट निरोप घेऊन जायचा हक्क माझाही होता. उद्या बोलू म्हणालास आणि गेलास.

सोमवारी सकाळी मी तो जादा खाना प्रोग्राममध्ये घातला. कुणाला विचारलं नाही. विचारायला होतं कोण? तू म्हणाला होतास तसंच झालं. धारांची वेळ, केंद्रांवर किटल्यांच्या रांगा, आणि पावत्या छापायच्या बंद. किकवीचा फोन, वेल्ह्याचा फोन. भोंगवलीच्या बबननानांना कोरा मेसेज गेला आणि ते काठी घेऊन केंद्रात आले. पासष्ट लिटरला भ्यायलेला माणूस कोऱ्या मेसेजला मात्र भ्यायला नाही. मी सगळ्यांना हाताने पावत्या लिहायला सांगितलं, गाडी काढली आणि एकेका केंद्रावर जाऊन वाचणारा प्रोग्राम नवीन खाना मोजायला शिकवत फिरले. एकटी. तू म्हणत होतास एवढं काही अवघड नव्हतं. आणि तू म्हणत होतास त्याहून बरंच जास्त अवघड होतं, कारण प्रत्येक केंद्रावर चहा द्यायच्या आधी लोक तुझं नाव काढत होते आणि मला माझा राग टेबलाखाली ठेवून टाइप करत बसावं लागत होतं.

दोन दिवसांत सगळं पुन्हा चालू झालं. मोडलं, बोंबाबोंब झाली, आणि जागेवर आलं. तात्यांच्या केंद्रावर पहिल्या ओळीच्या शेवटच्या खान्यात इशारा आला, 'काटा हलतोय'. दूध दुधाच्या जागी, इशारा इशाऱ्याच्या जागी. तात्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि काट्याखाली लाकडाची पट्टी घातली. मी त्या क्षणी तुला हाक मारणार होते.

तेवढ्यात रेश्माचा फोन आला. मी केंद्राच्या मागे जाऊन उचलला. ती म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी तनूची तपासनी करा म्हनलंय. ह्यांचा आजार घरान्यात उतरतो म्हनं. परवा तिला पुण्याला नेतोय." मग तिने विचारलं, "काय निघालं तर तुमाला सांगू का नगं?"

अंकुश, माझ्या तोंडून लगेच हो आलं नाही. तुझी तनू. ऑफिसच्या टेबलाखाली बसून खडूने शून्यं काढणारी पोर, आता कॉलेजला जाते. त्या क्षणी मला मनापासून वाटलं, काहीही निघो, रेश्माने मला सगळं ठीक आहे म्हणून सांगावं आणि मी ते खरं मानावं. तू मला काय देत होतास ते तेव्हा समजलं. फार गोड असतं ते. समजलं म्हणून तुला माफ केलं असं मात्र धरू नकोस.

"सांग," मी म्हणाले. "पहिलं मला सांग. मी रडेन, ओरडेन, सगळी केंद्रं बंद पाडेन, तरी सांग. आणि परवा मी येते तुमच्याबरोबर. पुढं जे काही करावं लागेल त्यालाही येते."

रेश्मा फोनवर रडायला लागली. मग ती म्हणाली, "म्या ह्यांना हेच म्हनत व्हते, ताई. सांगून तर बघा, त्या येतील."